पाकोळ्यांच्या गुहेच्या दारात: वेंगुर्ला रॉक्सची एक दिवसाची सफर

सिंधुदुर्गातल्या निवतीच्या किनाऱ्यावर उभं राहून नैऋत्येकडे पाहा. हवा स्वच्छ असेल तर क्षितिजाच्या जरा अलीकडे काळ्या दातांसारखी एक ओळ दिसेल आणि त्यातल्या एका दातावर दीपगृहाचा मनोरा. नकाशावर यांचं नाव वेंगुर्ला रॉक्स. होडीवाल्यांना विचाराल तर ते नुसतं ‘लायटहाऊस’ म्हणतील. लहानमोठे वीसेक कातळ आहेत हे. तिथे हॉटेल नाही, चहाची टपरी नाही, पाय मोकळे करायला वाळूही नाही. दीपगृह ज्या बेटावर आहे त्याला बर्न्ट आयलंड म्हणतात आणि याच बेटाच्या पोटात, समुद्राने कोरलेल्या गुहेच्या अंधारात, चिमणीपेक्षाही लहान असा एक पक्षी स्वतःच्या लाळेने घर बांधतो.

या पक्ष्याला मराठीत पाकोळी म्हणतात. पाकोळ्यांचे बरेच प्रकार आहेत. शहरात जुन्या इमारतींच्या छताखाली, पुलांखाली कलकलाट करत फिरणाऱ्या पाकोळ्या तुम्ही पाहिल्या असतील. पण ही गुहेतली भारतीय पाकोळी वेगळी. ती फक्त पश्चिम घाट, त्याच्या लगतचा किनारा आणि श्रीलंका एवढ्याच पट्ट्यात राहते. महाराष्ट्रात तिला पाहायला जायचं असेल तर वेंगुर्ला रॉक्सइतकं चांगलं ठिकाण मला तरी माहीत नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे नंतर तुमचा हिरमोड व्हायला नको. या सहलीत तुम्ही गुहेत जाणार नाही. गुहेच्या दारापासून बऱ्याच अंतरावर होडीत बसून पाहणार आहात. ‘एवढ्या लांब जायचं आणि आत जायचंच नाही?’ हा प्रश्न माझ्या मामेभावाने, वय वर्षं नऊ, होडीत बसायच्या आधीच विचारला होता. त्याचं उत्तर पुढे येईल.

जायचं कसं? रेल्वेने कुडाळला उतरा. हैदराबाद, इंदूर, बडोदा असं कुठूनही येत असाल तर मडगाव किंवा मुंबईमार्गे कोकण रेल्वे गाठावी लागते. विमानाने यायचं तर चिपीचा विमानतळ निवतीच्या अगदी जवळ आहे, मात्र तिथली उड्डाणं आधी तपासून घ्या. कुडाळहून पाट-परुळेमार्गे निवती तीसेक किलोमीटर. हा रस्ता घाईने संपवू नका. वाटेत पाट गावचा तलाव लागतो, तिथे थांबलात तर सकाळच्या वेळी पाणपक्षी आयतेच दिसतात. वेंगुर्ले बंदरातूनही बेटांकडे जाता येतं, पण निवतीहून अंतर कमी आहे, साधारण आठ-दहा किलोमीटर. मासेमारीच्या होडीने पाऊण ते एक तास लागतो.

महिना निवडताना थोडा विचार करा. जून ते ऑगस्ट हा विषयच नाही. समुद्र खवळलेला असतो आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारीलाही बंदी असते. डिसेंबर-जानेवारीत पाणी शांत असतं, पण तेव्हा पाकोळ्यांचा विणीचा हंगाम सुरू झालेला नसतो. मे महिन्यात गुहेत पिल्लं असतात, पण बाहेर लाटा वाढू लागतात. म्हणून फेब्रुवारीचा शेवट आणि मार्च हा सुवर्णमध्य. निघा मात्र सकाळी, उजाडता उजाडता. आमचे होडीवाले काका म्हणाले तसं, “वारो सुटलो काय दर्या कोणाचा ऐकणा नाय.” दुपारी अकरा-बारानंतर वारा सुटतो आणि परतीच्या वाटेवर पाणी अंगावर येतं. ज्यांना गाडी लागते त्यांनी निघण्याआधी अर्धा तास गोळी घ्यावी. रिकाम्या पोटी बसू नये आणि गच्च पोटीही बसू नये. आम्ही भाकरी-चटणी खाऊन निघालो, ते बरं पडलं.

लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, पोहता येणाऱ्यांनीही. होडीवाला देत नसेल तर दुसरी होडी शोधा. भाव ठरवताना एक वाक्य आधीच बोलून घ्या: ‘आम्हाला पक्षी बघायचेत, इंजिन बंद करून थांबायचंय.’ नाहीतर बहुतेक होड्या डॉल्फिन दाखवून, दीपगृहाला एक फेरी मारून तासाभरात परत आणतात.

डॉल्फिन दिसतातच असं नाही, पण या पट्ट्यात शक्यता चांगली असते. किनाऱ्यालगत राहणारे हे डॉल्फिन करड्या रंगाचे असतात आणि पाठीवरच्या पराच्या खाली त्यांना उंचवटा असतो, बैलाच्या वशिंडासारखा. टीव्हीवरच्या डॉल्फिनसारखे ते कोलांट्या मारत नाहीत. पाठ वर येते, फुस्स असा श्वासाचा आवाज होतो, पाठ पाण्यात जाते. एवढंच. पण होडीतल्या सहाही जणांनी त्या ‘फुस्स’ला एकदम मान वळवली होती. काही होड्या डॉल्फिनच्या मागे लागतात, त्यांच्या वाटेत आडव्या जातात. तुमचा होडीवाला तसं करू लागला तर त्याला थांबवा. बहुतेक वेळा तो पर्यटकांना खूश करायलाच ते करत असतो. इंजिन बंद करून नुसतं थांबलं तर डॉल्फिन स्वतःहून जवळ येतात, असा तिथल्याच लोकांचा अनुभव आहे.

वर आकाशाकडेही लक्ष असू द्या. पांढऱ्या पोटाचा, राखाडी पंखांचा मोठा पक्षी पंख किंचित वर धरून घिरट्या घालत असेल तर तो समुद्री गरुड. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर उंच झाडांवर त्याची घरटी असतात, आणि एकच जोडी वर्षानुवर्षं तेच घरटं वापरते, दरवर्षी त्यात काटक्या घालते.

बेटं जवळ आली की आधी नाकाला कळतं. पक्ष्यांची विष्ठा, खारं पाणी आणि उन्हात तापलेला दगड यांचा मिळून एक उग्र वास येतो. मग कातळांवरचे पांढरे ओघळ दिसतात. कुरव आणि सुरय दगडांच्या कडांवर बसलेले असतात. उन्हाळा सरता सरता सुरय पक्षी या उघड्या कातळांवरच अंडी घालतात; मांजर नाही, कुत्रा नाही, माणूस नाही, म्हणून त्यांना हे चालतं. पारवेही दिसतात. हो, तेच, ज्यांना तुम्ही बाल्कनीतून हाकलता. पारव्याचं मूळ घरच समुद्राकाठचे कडे आणि गुहा. शहरातल्या इमारती त्याला कड्यांसारख्याच वाटतात, म्हणून तो आपल्याकडे आला. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मग इथेच राहायचं होतं ना!”

आता गुहा. दुरून ती एक काळी उभी चीर वाटते. लाट येते, चिरेत शिरते, क्षणभर काहीच होत नाही आणि मग आतून ढोलासारखा घुमणारा आवाज येतो. काकांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, “आत जावचा नाय हां. भायरसूनच बगा.” आम्ही बघायला लागलो. पहिली दोन मिनिटं कोणालाच काही दिसलं नाही. डोळे मोठ्या पक्ष्याच्या शोधात असतात आणि पाकोळी असते जेमतेम बारा सेंटिमीटरची, मळकट तपकिरी रंगाची, लांबट कोयत्यासारख्या पंखांची. मग मामा म्हणाला, “ती बघ, वटवाघूळ!” आणि ते वटवाघूळ नव्हतं. एक दिसली की मग दहा दिसतात. पाण्याला चाटून येतात, गुहेच्या तोंडाशी क्षणभर वर उसळतात आणि तीरासारख्या आत घुसतात. बाहेर येणाऱ्या वेगळ्याच उंचीवरून येतात. एवढ्या अरुंद फटीत एकमेकींवर आदळत कशा नाहीत, हे बघतच राहावं लागतं.

लहान मुलं सोबत असतील तर त्यांना काम द्या, म्हणजे ती कंटाळत नाहीत. आम्ही मामेभावाला वही दिली होती. पाच मिनिटं तो फक्त आत जाणाऱ्या मोजणार आणि मामा बाहेर येणाऱ्या. त्याच्या आकड्यात आणि मामाच्या आकड्यात एकवीसचा फरक आला. मामाने मोजणी चुकल्याचा आरोप केला. मुलाचं म्हणणं, एकवीस आतच राहिल्या. दोघांचंही बरोबर असू शकतं.

आत राहिलेल्या काय करत असतील? पाकोळीचे पाय इतके आखूड असतात की ती आपल्या चिमणी-कावळ्यासारखी फांदीवर बसूच शकत नाही. ती जगते हवेत. उडतानाच किडे पकडते, उडतानाच खाते. टेकायचं तर फक्त उभ्या भिंतीला नख्यांनी लटकायचं. अशा पक्ष्याला घरटं बांधायला काटक्या गोळा करणं जमणार कसं? म्हणून तिने वेगळा मार्ग काढला. विणीच्या दिवसांत तिच्या जिभेखालच्या लाळग्रंथी फुगतात. त्या चिकट लाळेचे धागे ती गुहेच्या भिंतीवर एकावर एक चिकटवत जाते, त्यात पिसं, गवताच्या काड्या, शेवाळ मिसळते. लाळ वाळली की कडक होते. बऱ्याच दिवसांनी भिंतीला चिकटलेली अर्ध्या वाटीएवढी खळगी तयार होते आणि तिच्यात दोन पांढरी अंडी.

आणि हे सगळं जवळजवळ अंधारात. त्यासाठी तिच्याकडे असं एक साधन आहे जे पक्ष्यांच्या जगात फारच थोड्यांकडे आहे. गुहेत शिरताच ती टिकटिक आवाज करू लागते आणि भिंतीवरून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून वाट काढते. वटवाघळं हेच करतात, पण त्यांचे बहुतेक आवाज आपल्या कानांच्या पलीकडचे असतात. पाकोळीचे मात्र आपल्याला ऐकू येतात: कंगव्याच्या दातांवरून नख झरझर फिरवलं तर येईल तसा. बाहेर उजेडात ती हा आवाज करत नाही, गरजच नसते. होडीत बसून लाटांच्या गर्जनेत तो ऐकू येण्याची आशा ठेवू नका. आम्हाला आला नाही.

आता नऊ वर्षांच्या मुलाच्या प्रश्नाकडे. आत का जायचं नाही?

पहिलं कारण समुद्र. चिरेत शिरलेली लाट परत येताना होडीला भिंतीवर आपटते. दुसरं कारण पाकोळ्या. घरटी बांधायच्या, अंडी उबवायच्या दिवसांत माणसं टॉर्च घेऊन आत आली की सगळ्या एकदम उडतात. त्या गडबडीत अंडी आणि पिल्लं खाली पाण्यात पडू शकतात आणि तिथून ती परत वर येत नाहीत.

तिसरं कारण सांगायला जरा मागे जावं लागेल. चीन आणि आग्नेय आशियात पाकोळ्यांच्या घरट्यांचं सूप शेकडो वर्षांपासून मोठ्या लोकांचं खाणं मानलं जातं. त्याला स्वतःची अशी चव फारशी नसते, म्हणतात. पण प्रतिष्ठा आणि औषधी गुणांच्या समजुतीमुळे उत्तम पांढऱ्या घरट्यांचा भाव किलोला लाख रुपयांच्या पुढे जातो. आपल्या भारतीय पाकोळीच्या घरट्यात पिसं आणि काड्या मिसळलेल्या असतात, त्यामुळे ते त्या दर्जाचं नाही. तरी ते विकलं जातं. वेंगुर्ला रॉक्सवरच्या पाकोळ्या पक्षीअभ्यासकांना काही नव्या नाहीत. काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक असलेले ॲलन ह्यूम हे मोठे पक्षीतज्ज्ञ होते आणि त्यांच्या काळापासून या किनाऱ्यावरच्या पाकोळ्यांबद्दल लिहिलं गेलं आहे. पुढे हुमायून अब्दुलअली यांनी 1940 च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात खास इथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर लेख लिहिला. ज्यांना पाकोळ्या माहीत होत्या त्यांच्यात अर्थातच घरटी काढणारेही होते.

या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने इथल्या पाकोळ्यांचा अभ्यास सुरू केला. वेळासच्या कासवांमुळे हे नाव तुमच्या कानावर आलं असेल. तेव्हा या बेटावरच्या गुहेतून घरटी चोरली जात असल्याचं उघड झालं. घरटं काढलं की काय होतं ते ऐका. अंडी असतील तर अंडी जातात, पिल्लं असतील तर पिल्लं. पाकोळी हार मानत नाही, ती पुन्हा लाळ काढून दुसरं घरटं बांधायला घेते. पण हंगाम मोजक्या महिन्यांचा आणि अंगातली ताकदही मोजकीच. तेही काढलं तर त्या वर्षी त्या जोडीचं पिल्लू नाही. आणि ही सगळी वस्ती एकाच गुहेच्या भिंतींवर असते, म्हणजे चोराला शोधत फिरावंही लागत नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा पक्ष्यांची अंडी आणि घरटी छेडण्यालाही शिकारच मानतो. पण भर समुद्रातल्या, वस्ती नसलेल्या कातळावर कायदा बजावायला कोण बसणार? संस्थेच्या कार्यकर्त्यांनी आणि वनखात्याने लक्ष घातलं म्हणून गोष्ट पुढे गेली.

अंदमानात याच प्रश्नावर एक वेगळं उत्तर शोधलं गेलं. तिथली पाकोळी वेगळ्या जातीची, पांढरं घरटं करणारी, म्हणून धोका आणखी मोठा. डॉ. रवी शंकरन या अभ्यासकाने नव्वदच्या दशकात तिथल्या गुहा पालथ्या घातल्या आणि पाकोळ्या किती वेगाने संपत आहेत हे दाखवलं. त्यानंतर उत्तर अंदमानमधल्या चालीस-एक गुंफांवर पहारा सुरू झाला, आणि पहाऱ्याला माणसं निवडली ती पूर्वी घरटी काढणारीच. त्यांच्याइतकी गुहेची माहिती दुसऱ्या कोणाला असणार? मला हे फार पटतं. निवतीच्या होडीवाल्यांकडे मी त्याच नजरेने पाहते. रोज त्या कातळांकडे जाणारी माणसं तीच. तिथे अनोळखी होडी रात्रीची थांबली तर पहिल्यांदा त्यांनाच कळणार. पाकोळ्या दाखवून त्यांचं घर चालत असेल, तर गुहेवर नजर ठेवायला दुसऱ्या कोणी सांगावं लागणार नाही. म्हणून भाड्यात फार घासाघीस करू नका, आणि परतल्यावर ‘पक्षी मस्त दिसले’ एवढं त्यांना आवर्जून सांगा.

पण पर्यटक वाढले की दुसरी काळजी सुरू होते. आमच्या होडीमागे आलेल्या दुसऱ्या होडीतल्या एका मुलाने ड्रोन काढला होता, गुहेच्या तोंडाशी न्यायला. काकांनी इतक्या जोरात हाक मारली की त्याने तो गुपचूप बॅगेत घातला. रील बाहेरूनही चांगलं होतं, खरंच. मोबाइल स्थिर धरा, चीर मधोमध ठेवा आणि स्लो मोशन लावा. उघड्या डोळ्यांना न दिसणारं वळण त्यात दिसतं: आत शिरण्याआधी पाकोळी एक पंख मिटल्यासारखा करते आणि अंग तिरकं करते. आम्ही तो व्हिडिओ घरी येऊन पंधरा वेळा पाहिला.

सोबत दुर्बीण असेल तर आठ पटीची साधी पुरते; होडी हलत असताना जास्त ताकदीची दुर्बीण उलट त्रास देते. टोपी बांधून ठेवा. पाण्याच्या बाटल्या मोजून न्या आणि तेवढ्याच परत आणा. वेफर्सची पाकिटं किनाऱ्यावरच ठेवा, समुद्रात वाऱ्याने उडालेलं पाकीट परत मिळत नाही.

साडेदहा-अकरापर्यंत तुम्ही निवतीला परत आलेले असाल. जेवण गावातच सांगून ठेवा, घरगुती खानावळी आहेत. शाकाहारी असाल तर सकाळीच सांगा, म्हणजे डाळीची आमटी आणि उसळ तयार असते. दुपारी ऊन उतरेपर्यंत आराम करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर संध्याकाळी वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणी किनाऱ्यावर चौकशी करा. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपली जातात आणि पिल्लं बाहेर आली असतील त्या दिवशी ती समुद्रात सोडताना पाहता येतात.

घरातल्या आजी-आजोबांना होडी झेपणार नसेल तर त्यांना मागे ठेवून जाऊ नका. निवतीचा किल्ला फार उंच नाही, चढ सोपा आहे, आणि वरून ते सगळे कातळ एका नजरेत येतात. आमच्या आजीने तिथूनच दुर्बीण लावून आमची होडी शोधली होती. पक्षी तिला दिसले नाहीत. दीपगृह दिसलं, आणि त्याच्या पायथ्याशी एक पांढरा ठिपका हलत नाही म्हणून ती अर्धा तास घाबरून बसली होती. ते आम्हीच होतो, इंजिन बंद करून पाकोळ्या मोजत बसलेले.